भर उन्हातली भीती : जुन्या ब्रिटिश भयपटांमधलं गाव

‘विचफाइंडर जनरल’ या १९६८ सालच्या चित्रपटाची सुरुवात पाहा. स्वच्छ ऊन, हिरव्या टेकड्या, चरणाऱ्या मेंढ्या आणि कुठून तरी ऐकू येणारे हातोड्याचे ठोके. कुणी सुतार कुंपण दुरुस्त करत असेल असं वाटतं. मग कळतं की टेकडीवर फाशीचा खांब उभा राहतोय. खालच्या गावातून काही माणसं एका किंचाळणाऱ्या बाईला फरफटत वर आणतात. धर्मोपदेशक हातातल्या पुस्तकातून वाचत चाललेला असतो. बाईला फासावर लटकवतात. ऊन तेवढंच स्वच्छ राहतं, गवत तेवढंच हिरवं.

भयपट म्हटलं की आपल्याला रात्र आठवते, जुना वाडा आठवतो, करकरणारं दार आठवतं. ब्रिटनमध्येही १९५७ पासून हॅमर नावाची कंपनी असेच चित्रपट काढून जगभर गाजली होती. लंडनबाहेर थेम्सच्या काठी ब्रे इथे तिचा स्टुडिओ होता. तिथे प्लायवूड आणि प्लास्टरच्या भिंती उभारून ड्रॅक्युलाचा आणि फ्रँकेन्स्टाइनचा मध्य युरोप उभा केला जाई. पण त्याच सुमारास आणि विशेषतः १९६८ ते १९७४ या काळात, ब्रिटिश पडद्यावर एक वेगळाच प्रवाह आला. त्यातली भीती परदेशी किल्ल्यात राहत नव्हती. ती नांगरटीत होती, सफरचंदाच्या बागेत होती, शाळेच्या वर्गात होती. आज या प्रवाहाला ‘फोक हॉरर’, म्हणजे लोकपरंपरेतलं भय, म्हणतात. ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’चे दिग्दर्शक पीअर्स हॅगार्ड यांनी त्या चित्रपटाबद्दल बोलताना हा शब्द वापरला होता. २०१० मध्ये बीबीसीवरच्या एका माहितीपटमालिकेत अभिनेते-लेखक मार्क गॅटिस यांनी तीन चित्रपट या नावाखाली एकत्र आणले आणि नाव रूढ झालं. ते तीन म्हणजे ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८), ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ (१९७१) आणि ‘द विकर मॅन’ (१९७३).

हे चित्रपट नेमके कशाने घाबरवतात? भुताने नाही, हे तर पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येतं. तिघांपैकी दोघांमध्ये भूत किंवा सैतान पडद्यावर येतच नाही. माझ्या मते ही भीती गावकीची आहे. सगळ्या गावाचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि तुम्ही त्या मताच्या बाहेर उभे आहात, एवढीच ती परिस्थिती. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण गावाच्या एकजुटीचं कौतुक करताना वापरतो. तीच एकजूट आपल्यावर उलटली तर काय, हे या चित्रपटांनी दाखवलं.

(पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड केलेले आहेत. त्याशिवाय मुद्दा सांगता येत नाही.)

गाव भीतीचं ठिकाण कसं झालं

इंग्लंड हा जगात फार लवकर शहरी झालेला देश. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये शहरी लोकसंख्येनं ग्रामीण लोकसंख्येला मागे टाकलं. त्याआधीची दोन-तीन शतकं तिथे एक मोठी उलथापालथ चालू होती. गावाच्या सामाईक जमिनी, म्हणजे गायरानं, चराऊ रानं, पडीक माळ, कायदे करून कुंपणात घातल्या गेल्या आणि जमीनदारांच्या मालकीच्या झाल्या. १६०४ ते १९१४ या काळात संसदेनं असे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन गेली. म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा. ज्यांची त्या जमिनीवर गुजराण होती, त्यांतले पुष्कळ जण कारखान्यांच्या शहरांकडे गेले.

त्यांच्या नातवंडा-पतवंडांसाठी गाव म्हणजे सुट्टीत जायची जागा उरली. गवतानं शाकारलेली छपरं, चर्चचा मनोरा, क्रिकेटचं मैदान. हे चित्र चॉकलेटच्या डब्यांवर आणि रेल्वेच्या जाहिरातींवर छापलं गेलं. पण ज्या जागेवर आपण शतकभरापूर्वी पाठ फिरवली, तिथे मागे राहिलेली माणसं आपल्याबद्दल काय विचार करत असतील, ही टोचणीही त्या चित्रामागे होती. १९६३ मध्ये रेल्वेच्या फेररचनेसाठी डॉ. बीचिंग यांनी दिलेल्या अहवालात दोन हजारांहून अधिक स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती. गावोगावचे छोटे फाटे बंद पडत गेले. याच वर्षांत मोटार परवडणारा शहरी मध्यमवर्ग खेड्यात जुनी घरं विकत घेऊ लागला होता. गाव एकीकडे तुटत होतं आणि दुसरीकडे तिथे उपरे येत होते. फोक हॉररची जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच सांध्यावर सुरू होते : कुणीतरी बाहेरचा माणूस गावात येतो.

उजेडात भूत दाखवण्याची कला

या प्रवाहाच्या मुळाशी एक कथाकार आहे, त्याला वगळून पुढे जाता येत नाही. एम. आर. जेम्स हे केंब्रिजमधले मध्ययुगीन हस्तलिखितांचे मोठे अभ्यासक, पुढे तिथल्या किंग्ज कॉलेजचे आणि नंतर ईटन या शाळेचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख. नाताळच्या रात्री ते मित्रांना आणि विद्यार्थ्यांना स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवत. त्यांचं बालपण सफक परगण्यात गेलं होतं आणि तिथला ओसाड समुद्रकिनारा त्यांच्या गोष्टींत पुनःपुन्हा येतो. त्यांचा नायक बहुधा पुस्तकी, एकटा, थोडा गर्विष्ठ विद्वान असतो. तो जमिनीतून काहीतरी उकरून काढतो, जे तिथेच राहू द्यायला हवं होतं. मग ज्याची ती वस्तू आहे, तो ती परत मागायला येतो.

जेम्स यांच्या एका कथेवर १९५७ मध्ये झाक टूर्नर यांनी ‘नाइट ऑफ द डीमन’ काढला. कार्सवेल नावाचा श्रीमंत जादूगार आपल्या शत्रूच्या हातात रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतली एक चिठ्ठी नकळत सरकवतो. ठरलेल्या तारखेला त्या माणसाचा मृत्यू अटळ. याला आव्हान द्यायला अमेरिकेहून एक मानसशास्त्रज्ञ येतो, ज्याचा असल्या कशावर विश्वास नाही. दोघांची एक भेट होते ती कार्सवेलच्या कोठीच्या हिरवळीवर. तो विदूषकाचा वेश करून गावातल्या मुलांना जादूचे प्रयोग दाखवत असतो. मुलं हसताहेत, आया कौतुकानं बघताहेत. बोलता बोलता कार्सवेल सहज म्हणून वादळ उठवतो आणि खुर्च्या, टेबलं, मुलं सैरावैरा होतात. मला हे दृश्य त्यातल्या राक्षसापेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करतं. तो राक्षस निर्मात्याच्या आग्रहानं दाखवला गेला, टूर्नर यांना तो इतका उघड नको होता. चित्रपट पाहिल्यावर दिग्दर्शकाचंच बरोबर होतं असं वाटतं.

दुसरा चित्रपट जॅक क्लेटन यांचा ‘द इनोसंट्स’ (१९६१). मोठ्या कोठीत दोन पोरकी मुलं आणि त्यांना सांभाळायला आलेली एक शिक्षिका. डेबोरा कर हिचं काम अप्रतिम आहे. पण इथे सांगायचंय ते तळ्याकाठच्या प्रसंगाबद्दल. दुपारची वेळ, मुलगी गुणगुणतेय, आणि समोरच्या काठावर लव्हाळ्यांत काळ्या कपड्यांतली एक बाई नुसती उभी आहे. ती जवळ येत नाही, हात उंचावत नाही, काही बोलत नाही. कॅमेरा तिच्याजवळ जात नाही, त्यामुळे तिचा चेहराही नीट दिसत नाही. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांना चित्रपट काढणाऱ्या कंपनीनं रुंद पडद्याचं तंत्र वापरायला लावलं होतं. एवढ्या रुंद चौकटीत कोंदटपणा आणायचा कसा? त्यांनी भिंगापुढच्या फिल्टरच्या कडा रंगवून घेतल्या, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजू काळोखात बुडाल्या आणि मधला उजेड एकाकी झाला. मोकळ्या बागेतही जीव गुदमरतो तो त्यामुळे.

या दोन्हींत गाव पार्श्वभूमीलाच आहे. ते पुढे आलेलं दिसतं १९६० च्या ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’मध्ये. हर्टफर्डशरमधल्या लेचमोर हीथ या खऱ्या खेड्यात त्याचं चित्रण झालं. सुरुवातीला सगळं गाव एकाच क्षणी बेशुद्ध पडतं. शेतातला ट्रॅक्टर चालकाशिवाय गरगर फिरत राहतो, इस्त्रीखाली कपडा जळतो. आणि १९६६ साली हॅमरनंच ‘द प्लेग ऑफ द झाँबीज’ काढला. कॉर्नवॉलमधला एक जमीनदार, त्याची कथलाची खाण धोकादायक म्हणून कुणी तिथे काम करायला तयार नाही. तो हैतीहून शिकून आलेली विद्या वापरून गावातल्या मेलेल्यांना उठवतो आणि खाणीत जुंपतो. चित्रपट साधासुधा आहे, पण त्यातली कल्पना जबरदस्त आहे. गावातली अघोरी विद्या अडाण्यांच्या झोपडीतून येत नाही, ती मालकाच्या कोठीतून येते आणि तिचा हिशेब मजुरीचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, ‘द विकर मॅन’कडे जाताना ती लागेल.

शेजारी शेजाऱ्याचं नाव देतो तेव्हा

‘विचफाइंडर जनरल’ खऱ्या माणसावर आहे. मॅथ्यू हॉपकिन्स हा एसेक्समधल्या मॅनिंगट्रीचा. इंग्लंडात राजा आणि संसद यांच्यात १६४२ पासून यादवी युद्ध चालू होतं, न्यायालयांची घडी विस्कटली होती. त्या पोकळीत १६४५ ते १६४७ या काळात हा माणूस पूर्व इंग्लंडातल्या गावोगाव फिरला आणि ‘चेटकिणी’ शोधून देण्याचे पैसे घेऊ लागला. संशयित बाईला रात्र रात्र झोपू द्यायचं नाही, अंगावर सैतानाची खूण शोधायची, पाण्यात टाकून ती तरंगते का ते बघायचं. त्याच्या मोहिमेत शंभर किंवा त्याहून अधिक माणसं फासावर गेली असं इतिहासकार मानतात. बहुतेक बायका, त्यातही गरीब आणि म्हाताऱ्या.

चित्रपटात काही मोकळीक घेतली आहे. खरा हॉपकिन्स विशीतला तरुण होता, पडद्यावरचा व्हिन्सेंट प्राइस साठीकडे झुकलेला आहे. इंग्लंडच्या कायद्यात चेटुकाला शिक्षा फाशीची होती, चित्रपटात लॅव्हनमच्या बाजारचौकात बाईला शिडीला बांधून आगीत सोडतात. पण त्या दृश्यानंतर जे येतं ते इतिहासाच्या तपशिलापेक्षा खरं आहे : निखारे विझत आले आहेत आणि गावातली पोरं त्यात बटाटे भाजून खाताहेत. हॉपकिन्स बाहेरून आलेला असला तरी त्याला बोलावलं गावानं, पैसे दिले गावानं, आणि नावं दिली शेजाऱ्यांनी. मायकेल रीव्ह्ज हा दिग्दर्शक तेव्हा अवघा तेवीस-चोवीस वर्षांचा होता. नायक सूड घेतो तेव्हाही आपल्याला हायसं वाटू नये याची त्यानं पक्की व्यवस्था केली. कुऱ्हाडीचे घाव घालणारा नायक शेवटी हॉपकिन्सइतकाच भेसूर दिसतो आणि चित्रपट नायिकेच्या थांबता न थांबणाऱ्या किंकाळीवर संपतो. सेन्सॉरनं बरीच कात्री चालवली, समीक्षकांनी क्रौर्याबद्दल झोडपलं. फेब्रुवारी १९६९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, रीव्ह्ज गेला. त्याच्या हातून पुढे काय काय झालं असतं याची चुटपुट हा चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाला लागते.

‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’मध्ये काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. एक तरुण शेत नांगरतोय. फाळाला एक कवटी लागते, माणसाची नाही आणि जनावराचीही नाही. तिला एक डोळा अजून शाबूत आहे आणि लव आहे. इथून गावातल्या मुलांच्या अंगावर केसाळ चट्टे उठू लागतात आणि एंजल नावाची मुलगी सगळ्या पोरांना घेऊन पडक्या चर्चमध्ये स्वतःचा पंथ काढते. लंडनचा न्यायाधीश आधी गावकऱ्यांच्या बोलण्याला हसतो, मग परत येतो तो तलवार घेऊन. पटकथाकार रॉबर्ट विन-सिमन्स यांनी नंतर सांगितलं आहे की त्यांच्या मनात त्या वेळच्या दोन घटना होत्या : १९६९ मधले अमेरिकेतल्या मॅन्सन टोळीचे खून आणि मेरी बेल या अल्पवयीन मुलीनं केलेले खून. म्हणजे गोष्ट अठराव्या शतकाची, पण धास्ती १९७० ची. आपली मुलं आपल्याला न विचारता काय करताहेत, कुणाच्या मागे जाताहेत, ही. तीन वेगळ्या कथा एकत्र शिवल्यामुळे पटकथा जागोजागी उसवलेली आहे, हे मान्य. पण त्यातलं निसर्गचित्रण पाहून घ्यावं. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला आहे, ढेकळं आणि मुळं पुढे मोठी दिसतात, माणसं त्यांच्या मागे लहान. जणू मातीच त्यांच्याकडे बघतेय.

पोलीस, हरवलेली मुलगी आणि एक बेट

‘द विकर मॅन’ समजून घ्यायचा तर आधी रहस्यकथेचा साचा डोळ्यांसमोर आणायला हवा. इंग्रजी रहस्यकथेत गाव हवंच. डिटेक्टिव्ह बाहेरून येतो, गावकरी काहीतरी लपवतात, तो एकेक धागा जुळवतो आणि शेवटी सत्य उजेडात आणून गावाची घडी परत बसवतो. हॅमरनं १९५९ मध्ये पीटर कुशिंगना शेरलॉक होम्स करून ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ काढला, त्यातही माळावरच्या शापित कुत्र्यामागे शेवटी माणसाचाच डाव निघतो. बुद्धी जिंकते, धुकं विरतं. ‘द विकर मॅन’ची पटकथा लिहिणारे अँथनी शॅफर या खेळातले उस्ताद होते. रहस्याचे डाव-प्रतिडाव रचणारं त्यांचं नाटक नुकतंच रंगभूमीवर गाजलं होतं. त्यांनी हाच साचा घेतला आणि उलटा केला.

सार्जंट हॉवी हा स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरचा पोलीस, कर्मठ ख्रिश्चन. रोवन मॉरिसन नावाची मुलगी हरवल्याचं निनावी पत्र येतं आणि तो छोट्या विमानानं समरआइल बेटावर उतरतो. तिथे कुणी त्या मुलीला ओळखतच नाही. तिची आईसुद्धा नाही म्हणते. शाळेत एक बाक रिकामा आहे. बाकाच्या आत खिळ्याला दोऱ्यानं बांधलेला एक भुंगा आहे. तो गोल गोल फिरतो, तसा दोरा खिळ्याभोवती गुंडाळत जातो आणि भुंगा खिळ्याशी आवळला जातो. हॉवी तो भुंगा बघतो. त्याला त्यात मुलांचा निर्दयपणा दिसतो. आपल्याला, दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना, त्यात हॉवी दिसतो.

कारण त्याला मिळणारा प्रत्येक धागा त्याला मिळावा म्हणूनच ठेवलेला आहे. हजेरीपटात नाव सापडतं, कबर सापडते, कबरीत मेलेला ससा सापडतो. दारूच्या गुत्त्यात दरवर्षीच्या सुगीच्या सणाचे फोटो लावलेत, फक्त गेल्या वर्षीचा गायब आहे. तो शोधून काढल्यावर कळतं की गेल्या वर्षी सफरचंदाचं पीक बुडालं. हॉवी तर्क करतो : या लोकांनी पिकासाठी मुलीचा बळी द्यायचं ठरवलंय. तर्क जवळजवळ बरोबर आहे. बळी ठरलाय, फक्त तो मुलीचा नाही. स्वतःच्या पायांनी आलेला, राजाच्या अधिकारानं आलेला, ब्रह्मचारी, आणि मिरवणुकीत विदूषकाचा वेश स्वतःहून चढवलेला माणूस गावाला हवा होता. वेतांच्या प्रचंड पुतळ्यात त्याला कोंडून आग लावतात आणि गावकरी हातात हात घालून, डोलत, उन्हाळ्याच्या आगमनाचं गाणं गातात.

त्या क्षणी कुणाच्याही चेहऱ्यावर द्वेष नाही. हेच मला या चित्रपटाचं सगळ्यात मोठं यश वाटतं. गावकरी हॉवीशी सुरुवातीपासून हसून बोलतात. शाळेच्या बाई प्रेमळ आहेत, गुत्त्याचा मालक अगत्यशील आहे. क्रिस्टोफर ली यांचा लॉर्ड समरआइल तर सुसंस्कृत आणि विनोदी आहे. कट्टर, चिडका, न आवडणारा माणूस आहे तो हॉवीच. प्रेक्षक म्हणून आपण बराच वेळ गावाच्या बाजूनं असतो, आणि शेवटी ज्या बाजूनं होतो त्या बाजूनं हे घडतं. बाहेरच्या कायद्याचा प्रतिनिधी ओरडून ओरडून सांगतो की हा खून आहे. पण तो शब्द ज्यांना समजायला हवा, त्यांतलं बेटावर कुणीच नाही.

‘जुना धर्म’ किती जुना?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पुष्कळ लेखांमध्ये आढळतो. हे चित्रपट ब्रिटनचा ‘ख्रिस्तपूर्व प्राचीन धर्म’ दाखवतात असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात पडद्यावरचा धर्म बराचसा पुस्तकांतून आलेला आहे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९० मध्ये ‘द गोल्डन बाऊ’ प्रसिद्ध केलं आणि पीक, ऋतू आणि बळी दिला जाणारा राजा यांचा एक जागतिक सिद्धांत मांडला. मार्गारेट मरी यांनी, ज्यांचा जन्म १८६३ मध्ये कोलकात्याचा, १९२१ मध्ये असा दावा केला की युरोपातल्या चेटकिणी म्हणजे एका गुप्त प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या. इतिहासकारांनी मरी यांचा सिद्धांत पुढे फेटाळला आणि फ्रेझर यांची पद्धतही आता कुणी मानत नाही. पण कादंबरीकार आणि पटकथाकारांना त्यातून अमाप खाद्य मिळालं. वेतांच्या पुतळ्यात माणसं जाळण्याचा उल्लेख ज्युलियस सीझरच्या लिखाणात आहे. तो गॉलबद्दल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या प्रदेशाबद्दल आहे आणि शत्रूनं लिहिलेला आहे.

कायद्याचाही इथे संबंध आहे. चेटूक हा खरा गुन्हा मानणारे कायदे ब्रिटनमध्ये १७३६ पासून गेले, त्यांच्या जागी चेटुकाचा खोटा दावा करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा आला. तोही १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहून आपला ‘विक्का’ पंथ उघडपणे मांडला. साठच्या दशकात तरुण मंडळी त्याकडे ओढली गेली. म्हणजे ‘द विकर मॅन’च्या प्रेक्षकासाठी निसर्गपूजक पंथ ही शेजारच्या गल्लीत घडू शकणारी गोष्ट होती.

आणि खुद्द चित्रपट याबाबत आश्चर्यकारकरीत्या प्रामाणिक आहे. लॉर्ड समरआइल हॉवीला सरळ सांगतो की बेटावरचा धर्म त्याच्या आजोबांनी आणला. ते व्हिक्टोरियन काळातले शास्त्रज्ञ. त्यांनी हे बेट विकत घेतलं, तिथल्या मातीत तग धरतील अशा फळांच्या नव्या जाती तयार केल्या, आणि उदास, दरिद्री लोकांना कामाला लावण्यासाठी त्यांचे जुने देव परत दिले. आजोबांनी सोय म्हणून सुरू केलं, वडिलांनी प्रेमानं चालवलं. नातू नेमका कुठे उभा आहे, हे ली यांनी शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. हजारो वर्षांची म्हणून जी परंपरा गाव जिवापाड पाळतंय, ती तीन पिढ्यांची आहे आणि तिची आखणी मालकानं मजुरांसाठी केलेली आहे. कॉर्नवॉलच्या खाणीतला तो जमीनदार इथे अधिक सभ्य रूपात परत भेटतो.

आगीच्या आधी हॉवी एक मोठा नेमका मुद्दा मांडतो. पीक बुडालं कारण ही फळं या बेटाची नाहीतच. पुढच्या वर्षी पुन्हा बुडालं तर लोकांना याहून मोठा बळी लागेल, आणि तो लॉर्ड समरआइलचा असेल. क्षणभर लॉर्डचा चेहरा बदलतो. मग गाणं सुरू होतं.

कमी पैसे आणि ऑक्टोबरातला मे महिना

हे सगळं उघड्यावर का चित्रित झालं, याचं एक कारण निखळ व्यावहारिक आहे. ‘विचफाइंडर जनरल’ आणि ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ काढणारी टायगन ही टोनी टेन्सर यांची लहानशी कंपनी होती. सतराव्या शतकाचा सेट उभारण्यापेक्षा सफकमधलं लॅव्हनम किंवा ऑर्फर्डचा किल्ला वापरणं परवडत होतं. ‘विचफाइंडर जनरल’ची आतली दृश्यं विमानांच्या जुन्या हँगरमध्ये उरकली. हलके कॅमेरे आणि चांगली रंगीत फिल्म आल्यामुळे खऱ्या पावसाळी उजेडात काम करता येऊ लागलं. तंगीमुळे स्टुडिओ सोडला आणि त्या बदल्यात खरी माती हाती आली.

‘द विकर मॅन’ची अडचण निराळी. गोष्ट मे महिन्यातल्या वसंतोत्सवाची, पण चित्रीकरण १९७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या गॅलोवे भागात. झाडांना खोटा मोहोर चिकटवावा लागला. बोलताना तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट तोंडात बर्फ धरत. पडद्यावर या बेटाच्या बहरात काहीतरी खोटं वाटत राहतं, फुलं आहेत पण ऊब नाही. ठरवून केलेलं नसेल, पण जिथे पीक बुडालंय आणि सगळे आनंदाचं सोंग करताहेत, अशा गोष्टीला हा गारठा नेमका शोभतो. चित्रपट तयार झाला तेव्हा तो काढणाऱ्या कंपनीतल्या नव्या मंडळींना त्याचं काय करावं कळेना. कापून ८८ मिनिटांचा केला आणि दुसऱ्या चित्रपटाला जोड म्हणून लावला. ली मात्र, ज्यांनी यात मानधन न घेता काम केलं, आयुष्यभर याला आपल्या सर्वोत्तम चित्रपटांत गणत राहिले.

दूरचित्रवाणीवर

याच वर्षांत बीबीसीनं या प्रवाहात फार मोलाची भर घातली. जोनाथन मिलर यांनी १९६८ मध्ये जेम्स यांच्या गोष्टीवर ‘व्हिसल अँड आय विल कम टू यू’ केला. लहानसा, कृष्णधवल. मायकेल हॉर्डर्न यांचा पुटपुटणारा, स्वतःच्याच विनोदावर खूश होणारा प्राध्यापक समुद्रानं कुरतडलेल्या कड्यावरच्या कबरीतून एक शिट्टी उचलतो. त्यात वापरलेला डनिचचा किनारा मुद्दाम निवडलेला वाटतो, कारण ते एके काळी भरभराटीचं बंदर होतं आणि शतकानुशतकं समुद्रानं ते गिळत नेलं. १९७१ पासून लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांनी दर नाताळला एक भूतकथा करायला सुरुवात केली. त्यांतली १९७२ ची ‘अ वॉर्निंग टू द क्युरियस’ मला सर्वांत जास्त आवडते. नॉरफकच्या किनाऱ्यावरचा सपाट, लांबलचक वाळूचा पट्टा आणि फार दूर एक काळा ठिपका, जो दर वेळी थोडा जवळ आलेला असतो.

१९७० च्या ‘रॉबिन रेडब्रेस्ट’ या नाटकात लंडनची एक सुशिक्षित बाई प्रेमभंगानंतर खेड्यातल्या घरात राहायला येते आणि गाव हळूहळू, अत्यंत आपुलकीनं, तिच्या आयुष्याचे निर्णय घेऊ लागतं. ‘द विकर मॅन’च्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट आहे आणि तिच्यात एकही मोठा देखावा नाही. मूळ रंगीत टेप पुसली गेली, आज कृष्णधवल प्रतच उरली आहे. आणि या सगळ्याला छेद देणारी कलाकृती म्हणजे १९७४ ची ‘पेन्डाज फेन’, लेखक डेव्हिड रडकिन, दिग्दर्शक अ‍ॅलन क्लार्क. मॅल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी राहणारा एक देशभक्त, धार्मिक, हट्टी मुलगा. त्याला मातीखालून जे भेटतं, ते त्याला मारत नाही. त्याच्या मनातल्या ‘शुद्ध’ इंग्लंडच्या कल्पना मोडतं आणि त्याला मोकळं करतं. जमिनीत पुरलेलं सगळंच सैतानाचं नसतं, हे या काळात म्हणणारा आवाज जवळपास एवढाच.

काय आणि कोणत्या क्रमानं पाहावं

पहिल्यांदाच बघणार असाल तर ‘अ वॉर्निंग टू द क्युरियस’पासून सुरुवात करा, तासाच्या आत संपते आणि या प्रकाराची चाल कळते. मग ‘द इनोसंट्स’, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर, कारण त्यातल्या चौकटीच्या कडांवरच निम्मी भीती आहे. ‘द विकर मॅन’ दोनदा पाहण्याचा चित्रपट आहे, एकदा हॉवीच्या बाजूनं आणि एकदा गावाच्या. त्याच्या निरनिराळ्या लांबीच्या प्रती फिरतात. अमेरिकेत सापडलेल्या प्रतीवरून २०१३ मध्ये जी आवृत्ती तयार झाली, ती मिळाली तर ती घ्या. तिच्यात बेटावरच्या रात्रींचा क्रम नीट लागतो आणि हॉवीला सापळ्याकडे नेणारी प्रत्येक पायरी स्पष्ट दिसते. ‘विचफाइंडर जनरल’ मात्र शेवटी ठेवा आणि लहान मुलांना दाखवू नका. त्यातली हिंसा आजही सोसत नाही, आणि ती सोसू नये अशाच बेतानं रीव्ह्जनं ती चित्रित केली आहे.